आयएसओ वाढवायचा की फोटो नंतर उजळायचा? कर्ज काढायच्या आधी हे वाचा



मागच्या आठवड्यात आपल्या जाफराबाद तालुक्यातलाच एक पोरगा टेंभुर्णीला दुकानावर आला. लग्नाच्या ऑर्डरी घेतो. कॅमेरा कॅनन ७००डी, लेन्स सोबत आलेली १८-५५. म्हणाला, "सर, रात्रीच्या हळदीचे फोटो काळे येतात. आयएसओ वाढवला की दाणे येतात, कमी ठेवून कॉम्प्युटरवर उजळले की फोटो फाटतो. दीड लाखाचा कॅमेरा घ्यावा म्हणतो, मुद्रा लोनचा फॉर्मपण आणलाय." म्हटलं, फॉर्म बाजूला ठेव, आधी चहा घे.

पहिली गोष्ट. आयएसओ वाढवल्याने कॅमेऱ्यात जास्त उजेड शिरत नाही. उजेड किती येणार हे मांडवातला लाईट, लेन्स किती उघडी आहे आणि शटर किती वेळ उघडं राहतं यावर ठरतं. दाणे दिसतात ते मुख्यतः हा उजेडच कमी पडला म्हणून. आयएसओ फक्त आलेला सिग्नल मोठा करतो.

मग नंतर उजळलं तर काय फरक पडतो? सप्ताहातलं साउंड आठवा. महाराजांच्या माईकचं बटण मिक्सरवर बारीक ठेवलं आणि पुढचा अ‍ॅम्प्लिफायर फुल केला, तर मधली खरखरपण मोठी होते. माईकचं बटण आधीच वाढवलं तर खरखर मागे पडते. आयएसओ म्हणजे माईकचं बटण. लाईटरूममधला एक्स्पोजरचा स्लायडर म्हणजे शेवटचा अ‍ॅम्प्लिफायर. तुमच्या कॅमेऱ्याच्या सर्किटची खरखर जितकी जास्त, तितका आधी वाढवण्यात फायदा.

म्हणून उत्तर कॅमेऱ्यागणिक बदलतं. ७००डी हा २०१३ चा, खरखर बऱ्यापैकी. त्यात आयएसओ कॅमेऱ्यातच वाढवा. निकॉन डी७२०० सारख्या कॅमेऱ्यात खरखर इतकी कमी, की आयएसओ २०० ला रॉ काढून ३ स्टॉप उजळला तरी १६०० च्या फोटोसारखाच दिसतो. मग कमी ठेवण्याचा फायदा काय? आयएसओ दुप्पट केला की उजळ भागासाठीची जागा निम्मी होते. हॅलोजन, नवरीचे दागिने, पांढरा सदरा एकदा पूर्ण पांढरा झाला की कोणतंही सॉफ्टवेअर तो परत आणत नाही.

हे सगळं रॉ फाईलचं झालं. जेपीईजी काढत असाल तर नंतर उजळायच्या भानगडीत पडूच नका. १४ बिटच्या रॉमध्ये एका रंगाच्या १६,३८४ पायऱ्या, जेपीईजीमध्ये फक्त २५६. अंधारातल्या मोजक्या पायऱ्या ताणल्या की केसांत, गडद साडीत पट्टे उमटतात. मी स्वतः हे भोगलंय. "आयएसओ कमी म्हणजे क्वालिटी" असं कुठंतरी ऐकलं आणि अख्खी हळद ४०० वर जेपीईजीत काढली. स्क्रीनवर चाललं, करिझ्मा अल्बममध्ये सगळं उघडं पडलं. दोन पानं पदरच्या पैशानं परत छापून दिली, आणि त्या घरातली पुढची ऑर्डर दुसऱ्याकडे गेली ती गेलीच.

(मोबाईलवाल्यांनो, तुमचा फोन हे काम गुपचूप करतो. गुगलच्या एचडीआर प्लसमध्ये मुद्दाम अंडर ठेवलेले बरेच फोटो पटापट निघतात, ते एकत्र करून दाणे कमी होतात, मग फोटो उजळतो. तिथं फार हात घालू नका.)

आता टेस्ट. खर्च शून्य. संध्याकाळी कॅमेरा ट्रायपॉडवर लावा, नसेल तर काउंटरवर ठेवा. रॉ, मॅन्युअल मोड. समोर काळं कापड आणि काहीतरी चमकणारं. शटर आणि अ‍ॅपर्चर न हलवता एक फोटो आयएसओ १६०० वर, एक २०० वर. दुसरा लाईटरूममध्ये ३ स्टॉप वाढवा. दोन्हीकडचं नॉईज रिडक्शन बंद करा आणि १०० टक्के झूम करून काळं कापड बघा. सारखं दिसलं, तर भगभगीत लाईटच्या मांडवात आयएसओ एक-दोन स्टॉप खाली ठेवायला हरकत नाही. २०० वाला खराब दिसला, तर आयएसओ कॅमेऱ्यातच वाढवायचा.

त्या पोराची टेस्ट आम्ही दुकानातच केली. २०० वाल्यात काळ्या कापडावर आडवे-उभे पट्टे, १६०० वाल्यात नुसते दाणे. पण त्याची खरी अडचण लेन्स होती. १८-५५ झूम केली की ५.६ वर जाते. ५० ची १.८ लेन्स त्याच्या साडेनऊ पट उजेड आत घेते, म्हणजे तीन स्टॉपच्या वर. जिथं आयएसओ ६४०० लागायचा तिथं ८०० च्या खाली भागतं. फक्त १.८ वर एकाच चेहऱ्यावर फोकस राहतो, ग्रुप फोटोला २.८ किंवा ४ ठेवा.

ती लेन्स दहा-बारा हजारांच्या आसपास येते. मुद्राच्या शिशू गटाची मर्यादा ५० हजार आहे, दीड लाख म्हटलं की किशोर गट. एका सीझनच्या ॲडव्हान्समधून लेन्स निघत असेल तर हप्ता कशाला? पोरगं म्हणालं, आधी भाड्यानं आणून दोन हळदी काढतो. मी म्हटलं, काढ, आणि घरी दाखवायच्या आधी प्रत्येक हळदीतला एक फोटो १२ बाय १८ मध्ये छापून माझ्याकडे घेऊन ये.