लालबागचा ताप दिल्लीला कळतो, रावेरला कळतो का?

मागच्या लेखांकात आपण परळच्या प्रयोगशाळेपाशी थांबलो होतो. प्लेगच्या काळात, १८९९ साली, ती परळला आली आणि १९२५ पासून हाफकिन यांच्या नावाने ओळखली जाऊ लागली. दिल्लीतल्या राष्ट्रीय रोग नियंत्रण केंद्राचे मूळ मात्र हिवतापात आहे. १९०९ साली कसौलीला मलेरिया ब्यूरो निघाला, १९२७ मध्ये त्याचे ‘मलेरिया सर्व्हे ऑफ इंडिया’ झाले, १९३८ मध्ये संस्था दिल्लीला हलली, १९६३ मध्ये सगळे संसर्गजन्य रोग तिच्या कक्षेत आले आणि २००९ मध्ये तिला आजचे नाव मिळाले. डासाच्या मागावर निघालेली संस्था आता देशभरातल्या साथींवर नजर ठेवते. नजर ठेवते, इलाज करत नाही. कारण राज्यघटनेच्या सातव्या अनुसूचीप्रमाणे सार्वजनिक आरोग्य आणि दवाखाने हा राज्यांचा विषय आहे. म्हणजे केंद्राच्या हाती मुख्यतः माहिती, मोजण्याची सारखी पद्धत आणि तज्ज्ञ माणसे उरतात. ही माहिती खालून वर नीट चढावी याची व्यवस्था आपण केली. ती शेजाऱ्याकडेही जावी याची केली नाही, आणि सीमेवरच्या गावांना त्याचीच झळ बसते, असे माझे म्हणणे आहे.

मध्य प्रदेशातल्या बुऱ्हाणपूरचे रेल्वे स्टेशन लालबागमध्ये आहे. इथून भुसावळकडे निघालेली गाडी थोड्याच वेळात रावेरला, म्हणजे महाराष्ट्रात, पोचते. केळीचे मळे दोन्हीकडे, मजूर दोन्हीकडचे, सोयरीकही दोन्हीकडे. रोगाच्या नोंदीला मात्र इथे फाटा फुटतो. २००४ साली सुरू झालेल्या एकात्मिक रोग सर्वेक्षण कार्यक्रमात उपकेंद्रातल्या नर्सबाईंनी दर आठवड्याला ‘एस’ फॉर्म भरायचा असे ठरले. त्यात रोगाचे नाव नसते, लक्षणे असतात: नुसता ताप, अंगावर पुरळ असलेला ताप, रक्तस्राव असलेला ताप, ग्लानी आलेला ताप, जुलाब, कावीळ. डॉक्टरांचा अंदाज ‘पी’ फॉर्मवर, प्रयोगशाळेचा निकाल ‘एल’ फॉर्मवर. आता कागदाच्या जागी पोर्टल आले, पण वाट तीच राहिली. बुऱ्हाणपूरचा आकडा भोपाळमार्गे दिल्लीला जातो, रावेरचा जळगाव आणि पुण्यावरून. समजा, लालबागमधला एक मजूर तापाने फणफणला, नातेवाइकांनी त्याला जळगावला नेले आणि तिथे डेंगी निघाला. रुग्ण सापडला जळगावात, पण अळ्या ज्या टाकीत आहेत ती लालबागमध्ये. धूरफवारणी कुठे व्हायला हवी?

मोजणी सारखी असली की दूरची संस्थाही किती मोठे काम करू शकते, हे नारूने दाखवून दिले आहे. या रोगावर ना लस होती, ना औषध. पायावर फोड यायचा, माणूस पायऱ्यांच्या विहिरीत उतरायचा, पाण्यात अळ्या सुटायच्या आणि ते पाणी पिणाऱ्याला वर्षभराने तोच फोड. १९८४ साली सात राज्यांतल्या ८९ जिल्ह्यांत जवळजवळ चाळीस हजार रुग्ण होते. महाराष्ट्र आणि मध्य प्रदेश दोन्ही त्या सातांत होते. दिल्लीच्या संस्थेने शोधमोहिमेची एकच रीत सर्वांना लावून दिली. घरोघर विचारणारे, पाणी फडक्याने गाळायला शिकवणारे, विहिरीत औषध टाकणारे गावागावांतले कर्मचारी होते. जुलै १९९६ मध्ये जोधपूर जिल्ह्यात शेवटचा रुग्ण आढळला आणि २००० साली देश नारूमुक्त ठरला. नारूचा वेग वर्षाचा होता, म्हणून वर चढून खाली उतरणारी माहिती त्याला पुरली. डेंगीचा किंवा पटकीचा वेग दिवसांचा असतो.

यावर उत्तर येईल की २०२१ पासून एकत्रित पोर्टल देशभर आहे, रुग्णाचा पत्ता त्यात भरला जातो, मग शेजारच्या जिल्ह्याला वेगळा निरोप कशाला? पण नोंद दिसण्याची सोय असणे आणि ती पाहून शेजारच्या जिल्ह्याने त्याच दिवशी माणूस धाडणे यांत अंतर आहे. ज्याने पाहायचे त्याच्यावर ती जबाबदारी नेमून दिलेली असावी लागते. दुसरा आक्षेप अधिक वजनाचा आहे: अधिकारी एकमेकांना फोन करतातच. करतात, आणि त्यामुळे अनेकदा वेळ निभावतेही. पण ती ओळखीची गोष्ट झाली. बदली झाली की नंबरही जातो आणि नवा माणूस पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करतो. तिसरे म्हणणे असे की यात केंद्राने राज्यांच्या अधिकारात ढवळाढवळ करू नये. मलाही ते मान्य आहे. शेजाऱ्याला कळवण्यासाठी दिल्लीचा हुकूम लागतोच कशाला? लालबागजवळच्या कुंडी भंडाऱ्यात १६१५ पासून सातपुड्याचे पाणी जमिनीखालच्या बोगद्याने एका कुंडीतून दुसरीत जात आले आहे. तसेच आडवे जोडकाम बुऱ्हाणपूर आणि जळगावच्या सर्वेक्षण पथकांत हवे. आठवड्याची मोजणी संपली की सोमवारी एक पान इकडून तिकडे आणि एक तिकडून इकडे: सीमेपलीकडचे किती रुग्ण आले, कोणत्या वस्तीचे, कोणत्या लक्षणांचे. त्याखाली नावाची नव्हे, पदाची सही. म्हणजे माणूस बदलला तरी पान थांबणार नाही.

अर्थात त्या पानावर येणार तेवढेच, जेवढे मुळात नोंदले गेले. लालबागमधला रुग्ण आधी कोपऱ्यावरच्या खासगी डॉक्टरकडे जातो. त्या दवाखान्यातला ताप या मोजणीत कसा आणायचा, ते पुढच्या आठवड्यात पाहू.