'हो' म्हणण्याआधीचा हिशेब

घेरदार झगे, धुक्यातले वाडे आणि शेवटच्या पानावर लग्न. व्हिक्टोरियन कादंबरी म्हटलं की आपल्याला एवढंच आठवतं. पण त्या वाड्यांतल्या मुली प्रेमाइतकाच पैशांचाही विचार करत होत्या. का बरं?

'जेन एअर' मी पहिल्यांदा 'वाचली' ती एफवायच्या पेपरच्या आदल्या रात्री, गाईडमधून. गरीब गव्हर्नेस, तिरसट श्रीमंत मालक, वरच्या मजल्यावर कोंडलेली पहिली बायको, आग आणि शेवटी लग्न. पाच मार्कांचं उत्तर पाठ. विषय संपला.

यंदा दिवाळीच्या सुट्टीत मावशीकडे गेले होते. मावसबहिणीचं, म्हणजे ताईचं, जानेवारीत लग्न आहे. घरभर याद्या आणि जेवताना रोज एकच वाद: लग्नानंतर ताईने पगाराचं स्वतःचं खातं ठेवायचं, की दोघांचं मिळून एकच? मावशी म्हणते, ''आता तुझं-माझं काय करायचं?'' ताई गप्प. त्याच आठवड्यात मी शार्लट ब्राँटेची ती कादंबरी पहिल्या पानापासून वाचली आणि लक्षात आलं, गाईडने नेमका हाच विषय गाळला होता.

लग्न मोडणारं पत्र

१८४७ सालची ही कादंबरी. आईवडील नसलेली जेन थॉर्नफिल्डच्या वाड्यात गव्हर्नेस म्हणून लागते. पगार वर्षाला ३० पौंड. आधीच्या शाळेत १५ मिळायचे, म्हणजे थेट डबल. मालक रॉचेस्टर तिच्या प्रेमात पडतो, लग्न ठरतं आणि तो तिला रेशमी कापड, दागिने घ्यायला घेऊन जातो. आपल्या सिनेमात इथे गाणं आलं असतं. जेन मात्र अस्वस्थ होते. हा आपल्याला बाहुलीसारखं नटवतोय आणि आपल्याकडे स्वतःचं म्हणावं असं काहीच नाही, हे तिला टोचतं. घरी पोचल्या पोचल्या ती मदिरा बेटावरच्या काकाला पत्र लिहिते. हा काका आपल्याला वारस करणार होता, हे तिला नुकतंच कळलेलं असतं.

गंमत म्हणजे हेच पत्र लग्न मोडतं. ते पोचतं तेव्हा काकाकडे नेमका रॉचेस्टरच्या पहिल्या बायकोचा भाऊ आलेला असतो. आणि मग ऐन चर्चमध्ये भांडं फुटतं. स्वतःचे चार पैसे असावेत म्हणून जेनने ते पत्र लिहिलं नसतं, तर ती फसलीच असती!

पुढे रॉचेस्टर म्हणतो, लग्नाशिवाय माझ्याबरोबर राहा. ती रातोरात घर सोडते. जवळ जेमतेम २० शिलिंग, तेही घोडागाडीच्या भाड्यात जातात. डुकरासाठी काढलेली लापशी मागून खायची वेळ तिच्यावर येते. मग काकाचे २०,००० पौंड मिळतात. ते ती तिघा चुलत-आत्ये भावंडांबरोबर सारखे वाटून घेते, प्रत्येकी ५,०००. त्यातलाच एक भाऊ, सेंट जॉन, भारतात मिशनरी म्हणून निघालेला असतो. तो तिला हिंदुस्तानी शिकवतो आणि लग्नाची मागणी घालतो. ती सांगते, बहीण म्हणून येते, बायको म्हणून नाही. शेवटी ती रॉचेस्टरकडे परत जाते ती मात्र ऐटीत: तुमच्या घरात जागा नसेल, तर शेजारी माझं घर बांधीन!

मस्त ना? पण थांबा. तेव्हाच्या इंग्लंडच्या कायद्यात लग्न झालं की बायकोची रोकड, दागिने, पगार सगळं नवऱ्याच्या मालकीचं. पैसेवाले वडील वकिलाकडून वेगळा करार करून घेत, बाकीच्यांना ती सोय नव्हती. १८७० च्या कायद्याने बायकोची कमाई तिची झाली आणि १८८२ च्या कायद्याने तिची बाकी मालमत्ताही. म्हणजे असा करार नसेल, तर जेनचे ५,००० पौंड 'हो' म्हणताक्षणीच रॉचेस्टरचे!

रंगांची चोरी

हा कायदा कसा चावतो, ते शार्लटच्या धाकट्या बहिणीने दाखवलं. अ‍ॅन ब्राँटेची 'द टेनंट ऑफ वाइल्डफेल हॉल' १८४८ मध्ये आली. यातल्या हेलनचा नवरा दारुडा आणि बाहेरख्याली. बापाचं बघून लहानगा मुलगाही बिघडायला लागतो, तेव्हा ती ठरवते, चित्रं विकून पोट भरायचं आणि मुलाला घेऊन निघून जायचं. नवरा तिची डायरी वाचतो आणि रंग, ब्रश सगळं जाळून टाकतो. तिची कमाई कुठून येणार, हे त्याला बरोबर कळलेलं असतं.

तरीही ती पळते. खोट्या नावाने एका पडक्या वाड्यात राहते, चित्रं काढते आणि त्यावर जागेचं नावही खोटं लिहिते. कायद्याने मुलगा बापाचा, घर त्याचं आणि तिने कमावलेला पैसाही त्याचाच. म्हणजे आपल्याच मुलाला सांभाळून, आपल्याच हाताने काढलेली चित्रं विकून ही बाई गुन्हेगारासारखी लपून राहते. हे पुस्तक तेव्हा अनेकांना झेपलं नाही. अ‍ॅन गेल्यानंतर तर खुद्द शार्लटनेच ते पुन्हा छापायला विरोध केला.

लग्नच नको असेल तर?

जॉर्ज गिसिंगची 'द ऑड विमेन' १८९३ ची. इथला 'ऑड' म्हणजे विचित्र नाही, तर जोडीतून उरलेला मोजा असतो ना, तसा. यातली ऱ्होडा सांगते की देशात पुरुषांपेक्षा बायका पाच लाखांनी जास्त आहेत, मग सगळ्यांची लग्नं होणार कशी? त्यापेक्षा मुलींना टायपिंग शिकवा. लंडनमध्ये ती आणि तिची मैत्रीण तेच करतात. दुसरीकडे दुकानातल्या कामाला कंटाळलेली मोनिका सुरक्षितता म्हणून वयाने मोठ्या माणसाशी लग्न करते आणि त्याच्या संशयात गुदमरते. ऱ्होडाही प्रेमात पडते, पण शेवटी लग्नाला नाही म्हणते. तिला ते सोपं जात नाही आणि गिसिंगही तसं भासवत नाही. मला ती त्यामुळेच खरी वाटली.

तोच कायदा, मुंबईत

याच काळात मुंबईत एक खरी केस गाजत होती. रखमाबाईंचं लग्न अकराव्या वर्षी झालेलं. मोठं झाल्यावर त्यांनी नांदायला जायला नकार दिला. नवऱ्याने, दादाजी भिकाजींनी, १८८४ मध्ये दावा लावला. त्याला आधार असलेला नांदायला लावण्याचा हक्क इंग्लंडमधून आलेला. १८८७ मध्ये कोर्टाने सांगितलं, नांदायला जा, नाहीतर सहा महिने तुरुंगात. त्या म्हणाल्या, तुरुंग चालेल! आणि गंमत बघा, अशा हुकमासाठी तुरुंगात टाकणं इंग्लंडने स्वतःपुरतं १८८४ मध्येच बंद केलं होतं. १८८८ मध्ये दादाजींनी २,००० रुपये घेऊन तडजोड केली. रखमाबाई लंडनला जाऊन डॉक्टर होऊन आल्या.

सुट्टीच्या शेवटच्या रात्री मी ताईला जेनच्या पत्राची गोष्ट सांगितली. ''काका असावा तर असा!'' ती हसली. मग विचारलं, ''पण शेवटी लग्न करते ना ती?'' म्हटलं, ''करते. प्रेम असतंच गं तिचं.''

ताई थोडा वेळ मोबाइल चाळत बसली. मग म्हणाली, ''जॉइंट खातं काढू आम्ही. पण माझं जुनं बंद नाही करणार. आईला उद्या सांगते.''