शिकलेल्या पोराचे तोंड उघडावे म्हणून



उसाचे बेणे बघणाऱ्याने भाषेवर का लिहावे, असे कुणी म्हणेल. पण प्लॉटवर गेलो की हल्ली एक तक्रार हमखास कानी येते : "साहेब, पोरगं शिकलंय, पण मुलाखतीत तोंड उघडत नाही."

आपली पुष्कळ मुले नोकरीसाठी ठाणे-कल्याणकडे जातात. दिवा-डोंबिवलीच्या मधले कोपर स्टेशन घ्या. खाली मुंबईची लोकल, वर वसई-दिवा गाडी. तिथे खोली घेऊन राहणाऱ्याला मराठी, हिंदी, इंग्रजी तिन्ही लागतात. वाचायला येते, अडते बोलताना. लोक हसतील म्हणून बोलत नाही आणि बोलत नाही म्हणून सुधारत नाही.

हे कोडे सोडवायला कृत्रिम बुद्धिमत्ता कामी येते. २०१९ साली गूगलने 'बोलो' ॲप आणले. मूल मोठ्याने वाची, मोबाईल ऐकून चुकलेला शब्द दाखवी. २०२० मध्ये ते 'रीड अलाँग' झाले, त्यात मराठीही होती. २०२३ पासून चॅटजीपीटीशी तोंडी संभाषण करता येते. ते हसत नाही आणि दहा वेळा विचारले तरी कंटाळत नाही.

सराव मात्र ठिबकसारखा हवा. थोडा, पण रोज. पंधरा मिनिटे पुरेत. मोबाईलला मराठीतच सांगावे : "तू मुलाखत घे. इंग्रजीत एकेक सोपा प्रश्न हळू विचार. उत्तर संपले की एकच चूक मराठीत समजाव." मग तेच उत्तर सुधारून पुन्हा बोलावे. कोपरला राहणाऱ्या परप्रांतीय शेजाऱ्यालाही "पाणी कधी येतं?" असे मराठी याच रीतीने घोळवता येईल.

दोन गोष्टी ध्यानात ठेवा. बरीच साधने आपले बोलणे आधी अक्षरांत उतरवतात. तेव्हा 'ळ' चा 'ल' झाला तरी अंदाजाने योग्य शब्द धरतात आणि वर शाबासकी देतात. म्हणून आठवड्यातून एकदा तरी जाणत्या माणसापुढे बोलावे; नोकरी देणारा शेवटी माणूसच असतो. दुसरे, आधार, बँक खाते, ओटीपी यांतले काहीही मोबाईलला सांगू नये.

घरात स्मार्टफोन आहेच. आज रात्री जेवणानंतर पोराला, तसेच पोरीलाही, पंधरा मिनिटे बोलायला बसवा. घरच्यांनी मात्र हसू नये.