क्लच नवा, मग गाडी का थरथरते?

गाडी गॅरेजमधून बाहेर येते. क्लच प्लेट, प्रेशर प्लेट, रिलीज बेअरिंग, सगळा सेट नवा टाकलेला असतो. तरीही पहिल्याच सिग्नलला गाडी उचलताना थरथरते, नाहीतर रिव्हर्स टाकताना करकर वाजते. मालक म्हणतो, पार्ट डुप्लिकेट निघाला. मेकॅनिक म्हणतो, थोडी चालवा, बसेल. कधी एकाचं खरं असतं, कधी दुसऱ्याचं. पण ड्रायव्हरच्या सीटवर बसून पाच-दहा मिनिटांत जे कळू शकतं, ते न तपासता गिअरबॉक्स पुन्हा उतरवणं म्हणजे वेळेची आणि पैशांची निव्वळ नासाडी आहे.

इंजिनाला बोल्टने आवळलेलं फ्लायव्हील आणि त्यावरची प्रेशर प्लेट यांच्यामध्ये क्लच प्लेट दाबून धरलेली असते. हा दाब डायफ्रॅम स्प्रिंगचा. लहान पेट्रोल गाडीचा अंदाजे हिशेब करू. दाब ४००० न्यूटन, प्लेटवरच्या घर्षण-लायनिंगची सरासरी त्रिज्या ८५ मिलिमीटर, घर्षणांक ०.३ आणि घासणाऱ्या बाजू दोन. गुणाकार केला की सुमारे २०० न्यूटन-मीटर टॉर्क पेलण्याची क्षमता येते. इंजिन देतं साधारण ११० न्यूटन-मीटर, म्हणजे भरपूर राखीव आहे. आता याच लायनिंगला तेल लागलं आणि घर्षणांक ०.१ वर आला, की क्षमता ७० च्याही खाली येते. प्लेट कोरी करकरीत, तरी क्लच घसरणार.

घसरणं ओळखायला सोपं आहे. मोकळ्या रस्त्यावर वरच्या गिअरमध्ये, कमी वेगात असताना ॲक्सिलरेटर दाबायचा. इंजिनाचा आवाज चढला आणि गाडीचा वेग मात्र तसाच राहिला, तर प्लेट घसरते आहे. केबलच्या क्लचमध्ये याचं कारण अगदी साधं असू शकतं. नव्या सेटनंतर केबल पुन्हा सेट केली नाही आणि पेडलला फ्री प्ले, म्हणजे सुरुवातीची मोकळी हालचाल, उरला नाही, की रिलीज बेअरिंग स्प्रिंगला सतत थोडं दाबत राहतं आणि प्लेटवरची पकड कमी होते.

थरथर मात्र गुंतागुंतीची, आणि विज्ञानाच्या दृष्टीने सर्वांत रंजक. घर्षणाचे जुने नियम गियोम आमोंतों यांनी १६९९ मध्ये मांडले आणि कुलोम यांनी अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात ते तपासून पुढे नेले. त्या नियमांप्रमाणे घसरण्याच्या वेगाचा घर्षणावर जवळपास परिणाम होत नाही. प्रत्यक्षात काही पृष्ठभागांत वेग वाढला की घर्षण कमी होतं. हाच उतार घात करतो. प्लेट क्षणभर पकडते, गिअरबॉक्सपासून चाकांपर्यंतचे शाफ्ट किंचित पिळले जातात, पीळ पुरेसा झाला की प्लेट सुटते, सुटताच घर्षण आणखी घटतं, पीळ उलगडतो, वेगांतला फरक कमी होतो आणि प्लेट पुन्हा पकडते. सारंगीच्या तारेवर गज ओढला की तार अशीच पकडली जाते, सुटते आणि गाते. गाडीत हे चक्र सेकंदाला दहाच्या आसपास चालतं. त्याचा सूर होत नाही, ते थेट सीटला आणि स्टिअरिंगला जाणवतं.

नव्या क्लचमध्ये घर्षणाला असं वळण कशाने लागतं? एक कारण फार क्षुल्लक वाटतं. प्रेशर प्लेट गंजू नये म्हणून कारखान्यातून तिच्यावर तेलाचा पातळ थर येतो. तो न पुसता प्लेट बसवली, किंवा ग्रीसच्या हातांनी लायनिंग धरलं, तर पहिल्या गरम होण्यातच तो थर जळून लायनिंगवर बसतो. दुसरं कारण फ्लायव्हील. जुना क्लच घसरून घसरून तापलेला असेल, तर बिडाच्या त्या तोंडावर निळसर डाग पडतात. तिथला धातू तापून झटकन थंड झाल्याने कठीण झालेला असतो. फ्लायव्हील सपाट करायला लेथवर लावलं, तर हत्यार अशा जागी उचललं जातं आणि तिथेच उंचवटा राहतो. म्हणून फ्लायव्हील ग्राइंडिंगने सपाट करणं किंवा बदलणं बरं. तिसऱ्या कारणाचा क्लचशी संबंधच नसतो. गिअरबॉक्स उतरवताना इंजिन माउंटिंग सैल केलेलं असतं. ते वाकडं बसलं किंवा त्याचं रबर फाटलेलं असलं, की निर्दोष क्लचही थरथरतो.

आणि हो, 'चालवा, बसेल' यातही तथ्य आहे. नवं लायनिंग आधी फक्त उंच ठिपक्यांवर टेकतं. सौम्य वापराने पहिल्या काहीशे किलोमीटरमध्ये संपर्क पसरतो. हलकी थरथर दिवसागणिक कमी होत असेल तर थांबावं, वाढत असेल तर थांबू नये. या काळात चढावर हाफ क्लचवर गाडी धरून ठेवणं सर्वांत वाईट. १००० किलोची गाडी दहास एक अशा चढावर, खंबाटकी घाटातल्या रांगेत म्हणा, इंजिन मिनिटाला १५०० फेऱ्यांवर ठेवून नुसती जागेवर धरली, तर क्लचमध्ये सुमारे तीन किलोवॅट उष्णता निर्माण होते. घरातला एक इन्स्टंट गीझर साधारण तेवढी देतो. अर्ध्या मिनिटात जेवढी उष्णता तयार होते, तेवढी सपाट रस्त्यावर गाडी वीसेक वेळा उचलल्यावर होते. हँडब्रेक लावा.

गिअर पडताना करकर होत असेल, तर इंजिन बंद करून सगळे गिअर टाकून पाहा. बंद इंजिनावर ते लोण्यासारखे पडले आणि चालू इंजिनावर अडले, तर बहुधा क्लच पुरता सुटत नाही. क्लच हायड्रॉलिक असेल, तर आता पेडल चार-पाच वेळा भराभर पंप करा. त्यानंतर गिअर सहज पडला तर हायड्रॉलिक लाइनमध्ये हवा आहे किंवा कुठेतरी गळती आहे. द्रव दबत नाही, हवा दबते. मास्टर सिलिंडर एका दाबात जेमतेम आठ-दहा घन सेंटिमीटर द्रव ढकलतो, त्यात एक घन सेंटिमीटरचा बुडबुडा असला तरी दहावा हिस्सा हालचाल त्यातच जिरते. आणि पूर्ण सुटलेल्या प्लेटच्या बाजूंना उरणारी फट मिलिमीटरहून लहान असते! इथे आधी गळती शोधून हवा काढायची, लगेच गिअरबॉक्सला हात लावायचा नाही.

पंप करूनही फरक पडला नाही, तर मात्र आत पाहावं लागतं. प्लेट उलटी बसली असेल, किंवा बसवताना गिअरबॉक्सचा भार प्लेटच्या मध्यभागी लटकून ती वाकली असेल. गिअरबॉक्स जॅकवर नीट तोलून न धरता 'घुसव, घुसव' करत बसवला की हे होतं.

आवाजाचं निदान पेडलच करतं. न्यूट्रलमध्ये, पेडल दाबल्यावर घरघर सुरू झाली तर संशय रिलीज बेअरिंगवर. पेडल सोडलेलं असताना घरघर आणि दाबल्यावर शांत, तर गिअरबॉक्सच्या इनपुट शाफ्टचं बेअरिंग. ते नव्या सेटमध्ये येतच नाही.

काम करून घेताना जुनी प्लेट मागून घ्यावी, मात्र तिच्यावरची धूळ कॉम्प्रेसरच्या हवेने उडवू देऊ नये. जुन्या लायनिंगमध्ये ॲस्बेस्टॉस असायचं, आणि आजचीही धूळ मेकॅनिकच्या फुप्फुसांसाठी नाही. प्लेट ओली दिसली तर वास घ्या. गंधकासारखा उग्र वास असेल तर गिअर ऑइल आहे, म्हणजे इनपुट शाफ्टचं सील गळतंय. तसा वास नसेल आणि तेल काळपट असेल तर ते इंजिनाचं, दोष क्रँकच्या मागच्या सीलचा. गळकं सील न बदलता नवी प्लेट बसवली असेल, तर काही आठवड्यांत तीही तेलात भिजते.