झाकली मूठ कोणाची?

विनोद हा बहुधा कोणाच्या तरी फजितीवर उभा असतो. दार अवेळी उघडते, नको ते दिसते, नको त्याच्या कानी नको ती गोष्ट पडते आणि प्रेक्षक हसू लागतात. मराठी रंगभूमीवरील फार्सने हे तंत्र पुरेपूर वापरले. अमेरिकन दूरदर्शनवरील विनोदी मालिकांचे बळही बऱ्याच अंशी त्यातच आहे. मात्र उघडकीस आलेल्या गोष्टीवर हसून झाल्यानंतर, ती उघडकीस आणण्याचा अधिकार कोणाचा होता, असा प्रश्न विचारणारा विनोद विरळा. ‘फ्रेंड्स’ या गाजलेल्या मालिकेचा १९ जानेवारी १९९५ रोजी प्रक्षेपित झालेला भाग त्या विरळ प्रकारात मोडतो.

ही मालिका एनबीसी वाहिनीवर सप्टेंबर १९९४ मध्ये सुरू झाली आणि मे २००४ मध्ये संपली. न्यूयॉर्कमध्ये समोरासमोरच्या घरांत वावरणारे सहा तरुण मित्रमैत्रिणी हा तिचा विषय. उपग्रह वाहिन्यांमुळे ती पुढे भारतातील शहरी तरुणांच्याही परिचयाची झाली. पहिल्याच वर्षातील हा तेरावा भाग. जाहिराती वगळता जेमतेम बावीस-तेवीस मिनिटांच्या अवधीत त्यात तीन कथानके गुंफलेली आहेत, आणि तिन्हींचा विषय एकच आहे: झाकलेले उघडे पडणे.

पहिले कथानक निव्वळ फार्सचे. न्हाणीघरातून नुकतीच बाहेर आलेली रेचेल चँडलरच्या दृष्टीस अनवधानाने पडते. फिट्टंफाट करण्यासाठी ती त्याच्या न्हाणीघरात शिरते, तर तेथे जोई निघतो. मग जोई सूड घ्यायला जातो आणि त्याच्यापुढे मोनिका येते. लज्जेची परतफेड होऊ शकत नाही, ती केवळ एकाकडून दुसऱ्याकडे सरकते, हे या हास्यास्पद साखळीतून सहज सूचित होते.

दुसऱ्या कथानकात फीबीचा नवा मित्र रॉजर येतो. तो व्यवसायाने मानसोपचारतज्ज्ञ आहे. नव्या मंडळींशी ओळख होताच तो त्यांच्या मनांची चिरफाड करू लागतो. चँडलरच्या थट्टेखोरीमागे आईवडिलांच्या घटस्फोटाची जखम आहे आणि विनोदाच्या आडून तो माणसांना दूर ठेवतो, हे निदान तो पाहताक्षणी करतो. बिस्किटे खाणाऱ्या मोनिकाला, हे नुसते अन्न आहे, प्रेम नव्हे, असे तो सुनावतो. त्याचे म्हणणे खोटे नसते, किंबहुना ते खरे असते म्हणूनच झोंबते. परंतु कोणी न विचारता सांगितलेले सत्य हा उपचार नसून आगाऊपणा ठरतो. अखेर फीबीला त्याच्याशी संबंध तोडावे लागतात.

या दोन्हींच्या तुलनेत तिसरे कथानक अधिक गंभीर आहे. कामानिमित्त शहरात आलेले जोईचे वडील त्याच्याकडे उतरले आहेत. फोनवर आई आहे अशा समजुतीने जोई बोलू लागतो आणि पलीकडे निघते भलतीच स्त्री. वडिलांचे रॉनी नावाच्या बाईशी सहा वर्षांपासून संबंध असल्याचे त्याला कळते. पुढे ती बाईच घरी येऊन ठेपते, तेव्हा बापाला आपल्या खोलीत आणि तिला दुसऱ्या खोलीत निजवण्याची पाळी मुलावर येते. मुलाने पालकाची भूमिका घ्यावी आणि बापाने अपराधी पोराची, ही अदलाबदल हास्यकारक आहे तितकीच केविलवाणीही. शेवटी जोई बजावतो की, तिला सोडा, नाहीतर आईला सारे सांगा.

येथवर नीतीची बाजू स्पष्ट दिसते. परंतु दुसऱ्या दिवशी आई येते ती मुलाचे आभार मानायला नव्हे, त्याला फटकारायला. तिला सारे पूर्वीपासून ठाऊक होते. हे प्रकरण सुरू झाल्यापासून ओशाळलेला नवरा तिच्याशी इतका चांगला वागू लागला होता की, आपण लग्न केले तो माणूस तिला पुन्हा सापडला होता. मुलाच्या सत्यनिष्ठेने तेवढेही तिच्या हातून जाऊ पाहत होते. झाकली मूठ सव्वा लाखाची असे आपण म्हणतो. ही मूठ जिची होती, तिला न विचारताच ती उघडली गेली.

यावर सरळ आक्षेप असा की, हे पुरुषाच्या व्यभिचाराला दिलेले हास्याचे पांघरूण नव्हे काय? आक्षेप बिनबुडाचा नाही. आईचे समाधान ही खरोखरच तिची निवड की तडजोडीला दिलेले सोज्वळ नाव, याचा शोध हा भाग घेत नाही. रॉनीच्या वाट्याला काय आले, हेही कोणी विचारत नाही. मूल्यांची मोडतोड करून शेवटी सारे पूर्ववत करणे ही या मालिकांची रीतच आहे. येथेही जे उघडले ते पुन्हा झाकून कुटुंब पूर्वपदावर आणले जाते.

तरीही या भागाचे म्हणणे निराळे आहे. बापाला निर्दोष ठरवण्यापेक्षा मुलाच्या हेतूकडे पाहण्यास तो सांगतो. जोईला आईचा अपमान सहन झाला नाही हे खरे, पण तितकेच खरे की, गुपिताचे ओझे त्याला स्वतःला पेलवत नव्हते. ते उतरवण्याच्या घाईत आईची इच्छा काय असेल, याचा त्याने विचारच केला नाही. रॉजरचे चुकले ते हेच. सत्य हाती आले म्हणजे ते दुसऱ्याच्या आयुष्यात नेऊन टाकण्याचा परवानाही आला, असा या दोघांचा समज होता.

सत्य सांगण्यास धैर्य लागते हे खरे, पण ते कोणाचे आहे हे ओळखण्यास विवेक लागतो. वाढत्या वयाच्या मुलांना आपले आईवडील आपल्या जन्मापूर्वीपासूनची स्वतंत्र माणसे आहेत, हे उशिरा उमगते. त्या उमजण्याची सुरुवात पुष्कळदा अशाच एखाद्या लाजिरवाण्या प्रसंगातून होते. या भागाच्या अखेरीस न्हाणीघराची साखळी फिरत फिरत जोईच्या वडिलांपाशीच येऊन थांबते. प्रेक्षक खदखदून हसतात. पण स्वतःच्या घरातील एखादे बंद दार ज्याला आठवते, त्याचे हसू अर्ध्यावरच थबकते.