हस्तिदंती की मोरपंखी

खोलीसाठी फिकट हस्तिदंती आणि गडद मोरपंखी अशा दोन टोकांच्या छटांमधून निवड करायची असता शेड कार्डावरील बोटभर पट्ट्या शेजारी-शेजारी धरून पाहण्याची रूढ पद्धत फसवी आहे, कारण शेजारच्या रंगामुळे हस्तिदंती अधिक उजळ आणि मोरपंखी अधिक काळपट भासतो. या दृष्टिपरिणामाला समकालिक विरोध म्हणतात. पॅरिसच्या गोब्लँ विणकामशाळेत रंगाई विभागाचे प्रमुख असलेले रसायनशास्त्रज्ञ शेव्ह्रल यांच्याकडे काळा धागा निस्तेज दिसतो अशी तक्रार आली, तेव्हा दोष धाग्यात नसून लगतच्या निळ्या-जांभळ्या धाग्यांत असल्याचे त्यांना आढळले आणि 1839 मध्ये त्यांनी या विषयावर ग्रंथच प्रसिद्ध केला.

म्हणून नमुने प्लायच्या स्वतंत्र तुकड्यांवर, प्रायमरनंतर दोन हात देऊन, पूर्ण वाळल्यावर एकेक करून पाहणे श्रेयस्कर ठरते. ओले इमल्शन बहुधा वाळल्यानंतरपेक्षा फिके दिसते, त्यामुळे घाईचा निर्णय अंगाशी येतो. हस्तिदंतीचे दोन तुकडे खिडकीजवळ काटकोनात जोडून धरले, तर सांध्याजवळची छटा दाट सायीसारखी पिवळी होते, कारण एका पृष्ठभागावरून उसळलेला प्रकाश दुसऱ्यावर पडून त्याच रंगात पुन्हा गाळला जातो. छत-जमिनीसह सारे पृष्ठभाग पडलेल्या प्रकाशापैकी 75 टक्के परत फेकतात असे मानले, तर या वारंवार उसळण्याने खोलीतील एकूण प्रकाश मूळच्या सुमारे चौपट होतो. हेच प्रमाण 12 टक्के असेल, तर वाढ जेमतेम सातव्या हिश्शाची. म्हणजे ज्याला सर्वसाधारणपणे बिनधोक समजले जाते, तो फिकट रंगच खोलीभर लावल्यावर कार्डापासून अधिक दूर जातो, आणि ज्याची धास्ती घेतली जाते, तो मोरपंखी त्या मानाने दिलेला शब्द पाळतो.

मोरपंखीची खरी परीक्षा दिवे लागल्यावर होते. 2700 केल्विनच्या, म्हणजे पिवळसर प्रकाशाच्या एलईडी दिव्यात निळ्या किरणांचा वाटा कमी असल्याने त्याचा निळेपणा मावळून भिंत करडी-काळपट दिसते, तर 6500 केल्विनच्या पांढऱ्या ट्यूबखाली तो निळेपणा शाबूत राहतो. शिवाय गडद छटांच्या बेसमध्ये टायटॅनियम डायऑक्साइड हे झाकणक्षम पांढरे रंगद्रव्य कमी असते, त्यामुळे पहिला हात पट्टेरी उमटतो आणि खिळ्याचे भोक बुजवून केलेला टच-अप ठळकपणे उठून दिसतो. मशिनवर नंतर मिसळलेला डबा तंतोतंत जुळेलच असे नसल्याने, उरलेला रंग घट्ट झाकणाच्या डब्यात राखून ठेवावा लागतो.