वजन, २३चा आकडा आणि चार घरांची साथ

बीएमआय २५च्या आत आहे म्हणून आपल्यापैकी बरेच जण निर्धास्त असतात. पण आपल्या लोकांना मधुमेह कमी वजनातही गाठतो. म्हणून अमेरिकन डायबेटिस असोसिएशनने २०१५ साली आशियाई वंशाच्या लोकांसाठी तपासणीची मर्यादा २३वर आणली. पाच फूट सहा इंच उंचीला हे जेमतेम १४२ पौंड होतात!

२००२ साली प्रसिद्ध झालेल्या ‘डायबेटिस प्रिव्हेन्शन प्रोग्रॅम’मध्ये उद्दिष्टे साधीच होती: वजनात ७ टक्के घट आणि आठवड्याला १५० मिनिटे व्यायाम. खाल्लेले रोज लिहायचे, पाठीशी एक मार्गदर्शक. मधुमेह होण्याचे प्रमाण ५८ टक्क्यांनी घटले. मेटफॉर्मिनच्या गोळ्यांनी ३१च.

आम्ही चार घरे जेवणानंतर अर्धा तास चालतो, आठवड्यातून पाच दिवस. थंडीत मॉल गाठतो. कोणी आले नाही की फोन जातो. पॉटलकला गोड एकच. आग्रह करून वाढणे थांबवले. हे मात्र सर्वांत जड गेले, विशेषतः श्रीखंडाच्या वेळी.

खर्चाचे म्हणाल तर, मेडिकेअर पार्ट बी असलेल्यांची साखर सीमेवर असेल आणि बीएमआय २३ किंवा अधिक असेल, तर २०१८पासून असे वर्ग फुकट मिळतात. इतरांनी आपल्या इन्शुरन्सकडे चौकशी करावी.